सबनीसांचं तळं

आमच्या श्रूजबरीत गुरुनाथ सबनीसांना ओळखत नाही असं मराठी घर सापडायचं नाही. गणपतीत आरतीला तबल्यावर बसणारे ते, आणि ऐन थंडीत कुणाच्या बेसमेंटमध्ये पाइप फुटला की टूलबॉक्स घेऊन हजर होणारेही तेच. बोलणं बेताचं. त्यांची बायको शोभनाताई टाउन लायब्ररीत कामाला होत्या आणि रविवारी मराठी शाळेत लहान मुलांना बाराखडी शिकवायच्या. मी त्यांच्या शेजारची. पुढे सांगणार आहे त्यातलं बरंचसं शोभनाताईंनीच मला सांगितलं, कधी गवार मोडताना, कधी संध्याकाळी चालायला गेल्यावर, तुकड्यातुकड्यांनी.

त्यांना दोन मुलं. थोरला कबीर, धाकटी केया. कबीर वूस्टरच्या एका शाळेत सायन्स शिकवायचा. लहानपणापासून त्याला जंगलाचं वेड. एका ऑक्टोबरात लाँग वीकएंडला तो एकटाच गाडी घेऊन मेन राज्याच्या पार उत्तरेला गेला. तिथे टॅमरॅक पाँड नावाचं एक तळं आहे, त्याच्या काठी तंबू टाकायला. निघताना म्हणाला, "आई, मूस बघायला जातोय. ट्यूजडेला डिनरला येतो." मूस म्हणजे तिकडचं सांबरासारखं, पण घोड्याहून उंच जनावर.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारी गाडी सापडली, कच्च्या रस्त्याच्या टोकाला नीट लावलेली. तळ्याकाठी तंबू उभा होता. आत स्लीपिंग बॅग, बाहेर दगडावर घासून उपडं घातलेलं पातेलं. कबीर नव्हता. जंगलखात्याचे वॉर्डन आले, कुत्री आली, हेलिकॉप्टर फिरलं, पाणबुड्यांनी तळ्याचा तळ चाचपला. मग बर्फ पडायला लागलं आणि शोध थांबवावा लागला. एक बूटसुद्धा मिळाला नाही.

त्यानंतर दर ऑक्टोबरात गुरुनाथराव आठवड्याची सुट्टी टाकून त्या तळ्यावर जाऊ लागले. शोभनाताई कधी गेल्या नाहीत. त्या बेसनाचे लाडू करून डबा भरून द्यायच्या. "कबीरला आवडतात," म्हणायच्या. 'आवडायचे' असं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. आठवड्यानं गुरुनाथराव परत यायचे, गराजमध्ये चिखलाचे बूट काढायचे, किचनच्या दारात येऊन "नाही" म्हणायचे. त्या मान हलवायच्या आणि कुकर लावायच्या. रिकामा डबा सिंकमध्ये पडायचा. लाडू कुणी खाल्ले हे त्यांनी कधी विचारलं नाही.

एकदा पार्सिपनीच्या नणंदेनं फोनवर विषय काढला. "वहिनी, इतकी वर्षं झाली. काहीतरी विधी करून घ्यायला हवा. त्याला गती मिळायला नको का?" शोभनाताईंनी फोन ठेवला आणि पुढे कित्येक महिने तिचा फोन उचलला नाही. त्यांच्या पोर्चवरचा दिवा रात्रंदिवस चालू असे. आम्हा शेजाऱ्यांना त्याची सवय झाली होती.

गेल्या वर्षी वसंतात गुरुनाथरावांच्या छातीत कळ आली. दोन स्टेंट घातले. ऑक्टोबर जवळ आला तसे ते गराजमध्ये तंबू झटकू लागले. केयाचा जर्सी सिटीहून फोन आला. ती तिथे राहते आणि मॅनहॅटनला बँकेत नोकरी करते.

"आई, बाबा कान्ट गो अलोन," ती म्हणाली. "एक तर तू जा त्यांच्याबरोबर, नाहीतर मी जॉबवरून रजा काढते."

"मी? त्या तळ्यावर?"

"समबडी हॅज टू, आई."

शोभनाताईंनी लाडू केले. बॅगेत स्वतःच्या स्वेटरांखाली कबीरचं जाड जॅकेट ठेवलं. सापडला तर थंडीत अंगावर घालायला काही नको का, असा तो हिशेब. मला हे सांगताना त्या जराही अडखळल्या नाहीत.

रस्ता लांबचा. वाटेत पेट्रोल भरायला थांबले की शोभनाताई तिथल्या प्रत्येक तरुण माणसाकडे निरखून बघायच्या. त्यांची ती जुनीच सवय. दुपारनंतर डांबरी रस्ता संपला. दोन्ही बाजूंना काळपट हिरवी झाडं, मधे पिवळीधमक बर्चं. लाल मेपलची पानं गळून गेली होती. तळ्याच्या अलीकडे लाकडाचं एक दुकान होतं. तिथे कॅनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या, भाड्यानं मिळायच्या आणि तंबूच्या जागेची नोंद करायची. ते चालवणारी पॅटी म्हणून एक गोरी बाई, साठीची, केसांची वेणी घातलेली. तिनं हे दुकान चार वर्षांपूर्वी घेतलं होतं.

गुरुनाथरावांना बघताच ती पायऱ्या उतरून आली आणि तिनं त्यांना मिठीच मारली. "गुरू! आमचा मूसवाला आला," ती म्हणाली. मग शोभनाताईंचा हात हातात घेऊन सांगू लागली, तुमचा नवरा आला की माझा ऑक्टोबर सुरू होतो. गेल्या वर्षी पाणमांजरांनी त्यांच्या कॅनूतून मोजे पळवले, तर हा माणूस माझ्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

शोभनाताई नवऱ्याकडे बघत राहिल्या. आठ वर्षांत त्यांनी या माणसाला हसताना पाहिलं नव्हतं.

"आणि तुमची मुलगी कशी आहे?" पॅटीनं विचारलं. "जर्सी सिटीची? एकुलती एक मुलगी लांब राहते म्हटल्यावर जीव लागून राहत असेल."

गुरुनाथराव खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. ती सुटलेली नव्हती.

"बरी आहे," शोभनाताई म्हणाल्या.

दोघं तळ्यावर पोचले. तंबू उभा करताना, दोर ताणताना, फक्त "हे धर", "इकडे" एवढंच. शिकारीचे दिवस असल्यामुळे, लांबून माणूस ओळखू यावा म्हणून, दोघांनी अंगात नारिंगी जॅकेटं घातली होती. तळं आरशासारखं पसरलेलं. पलीकडच्या काठाला टॅमरॅकची झाडं. पाइनसारखीच, पण त्यांच्या सुया हिवाळ्याआधी सोनेरी होऊन गळतात. पाण्यावर एकटंच एक लूनचं पिल्लू तरंगत होतं. बदकासारखा लांब चोचीचा पक्षी. गुरुनाथरावांनी सवयीनं सांगितलं, "आई-बाप आधी समुद्राकडे निघून जातात. पिल्लू मागे राहतं. नंतर त्याचं ते जातं, वाट कुणी न दाखवता."

शोभनाताई म्हणाल्या, "मला नका सांगू."

ऊन कलल्यावर तळ्यापलीकडून हाक आली. लांबलचक, रडवेली, शेवटी चिरकलेली. शोभनाताई ताडकन उठल्या. "अहो, कोण हाक मारतंय?"

"मूसची मादी. या दिवसांत नराला बोलावते."

"अशी? माणसासारखी?"

"पहिल्या वर्षी मी ओ देत देत अर्ध्या तळ्याला चक्कर मारून आलो होतो," गुरुनाथराव म्हणाले. "अंधार पडेपर्यंत."

पुन्हा हाक आली. त्या बसल्या, पण अंग चोरून. आपल्याला ओ द्यावीशी वाटत होती आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता, असं त्या मला म्हणाल्या.

गुरुनाथरावांनी लाडवाचा डबा उघडला. एक लाडू फोडून तुकडा तळहातावर घेतला आणि हात लांब करून हळू शीळ घातली. मागच्या झाडातून राखाडी, मऊ पिसांचा एक पक्षी आला, साळुंकीहून थोडा मोठा. सरळ त्यांच्या बोटांवर बसला. तुकडा उचलला, एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि उडाला. हे इतकं सहज झालं की ते कित्येकदा झालेलं असणार हे शोभनाताईंच्या लक्षात आलं.

"हा कुठला पक्षी?"

"ग्रे जे म्हणतात. कावळ्याच्याच जातीतला."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली. पण शब्द गेला होता.

"लाडू तुम्ही याला घालता?"

"हो."

"दर वर्षी?"

"पहिली दोन वर्षं त्याचा तंबू होता त्या जागी डबा उघडा ठेवून यायचो. सकाळी रिकामा असायचा. तिसऱ्या वर्षी कोण खातं ते बघायला बसलो. हा आला. मी हात पुढे केला."

"आणि तो शिवला."

गुरुनाथरावांनी डब्याचं झाकण लावलं.

"म्हणजे तुम्ही उरकून टाकलंत," शोभनाताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या हातचे लाडू नेऊन, मला न विचारता. मी तिकडे दिवा लावून बसले होते."

"मी काही विधी केला नाही, शोभना."

"वेगळं काय असतं विधी म्हणजे? आणि त्या बाईला सांगितलंत, एकच मुलगी आहे."

"ती नवीन होती. तिला माहीत नव्हतं. श्रूजबरीत मी कुठेही गेलो तरी लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग बोलतात. हिनं मला विचारलं, मूस दिसला का? मी म्हटलं, दिसला. मग ती बोलतच राहिली. मुलाबाळांवर आली तेव्हा माझ्या तोंडून केयाचंच नाव निघालं."

तेवढ्यात तो पक्षी पुन्हा आला. या खेपेला शोभनाताईंच्या गुडघ्याजवळ, ओंडक्यावर. मान वाकडी करून त्यांच्या हाताकडे बघू लागला. त्यांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले. मला म्हणाल्या, "बायका कावळा शिवावा म्हणून ताटकळत बसतात गं. मी शिवू नये म्हणून बसले होते." पक्षी थोडा वेळ थांबला आणि निघून गेला.

सकाळी गुरुनाथराव झोपेत असतानाच त्या तंबूबाहेर आल्या. गवतावर पांढरं दव गोठलं होतं. तळ्यावर धुकं इतकं दाट की पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. कबीरचं जॅकेट त्यांनी खांद्यावर टाकलं होतं. त्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या. आणि समोर, काही अंतरावर, धुक्यात कुणीतरी छातीभर पाण्यात उभं होतं. खांदे दिसत होते, मान खाली घातलेली. हलत नव्हतं.

"कबीर," त्या म्हणाल्या. मोठ्यानं नाही. जेवायला बोलवावं तसं.

मान वर झाली. पाणी निथळलं, तोंडातून शेवाळ लोंबत होतं. मूसची मादी होती ती. धुकं थोडं सरकलं तेव्हा तिच्यामागे, उथळ पाण्यात, त्याच वर्षीचं पिल्लू दिसलं, लांब पायांवर कसंबसं तोललेलं. मादीनं शोभनाताईंकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना भीती वाटली नाही. राग आला. "तिचं पोर तिच्यामागे उभं होतं," त्या मला म्हणाल्या आणि भराभर चालू लागल्या.

गुरुनाथराव मागे येऊन उभे राहिले होते. मादी पिल्लाला घेऊन झाडीत शिरली. फांद्या मोडल्याचा आवाज लांब जात राहिला.

"इतकं सगळं तुम्हाला कसं ठाऊक?" शोभनाताईंनी विचारलं. "कुठलं जनावर कधी ओरडतं, कुठे राहतं. घरी तर तुम्हाला चिमणी आणि रॉबिन यातला फरक कळत नव्हता."

"सुरुवातीला दुसऱ्याच कामासाठी शिकलो," ते म्हणाले. "अस्वल काय खातं, कायोटी कुठे ओढून नेतात, कोल्हा काय पुरतो. त्यांच्या वाटांनी हिंडायचो. विष्ठा काठीनं उकरून बघायचो, कापडाचा धागा मिळतो का, झिप मिळते का. प्रत्येक जनावराकडे मी संशयानं बघायचो. यानं पाहिलं असेल, याला ठाऊक असेल."

शोभनाताई त्यांच्याकडे बघत होत्या. किचनच्या दारात ते 'नाही' म्हणायचे, त्याच्या मागे हे सगळं होतं. इतकी वर्षं त्या एका शब्दावर त्यांनी भागवलं होतं.

"मग?"

"मग चौथ्या-पाचव्या वर्षी पाणमांजरं दिसली. गारठलेल्या काठावरून घसरगुंडी करत होती. पुन्हा वर चढायची, पुन्हा घसरायची. मी हसलो. आणि लगेच मागे वळून पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. तंबूत जाऊन तोंडावर ब्लँकेट घेऊन पडलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच जाऊन बसलो."

"तुम्हाला इथे बरं वाटतं."

"हो," गुरुनाथराव म्हणाले. "तो हरवला त्या जागी मला बरं वाटतं. दुसरीकडे कुठेच वाटत नाही. हे तुला येऊन कुठल्या तोंडानं सांगू? मी शोधायला जातो म्हणून तू जगत होतीस, शोभना. मी शोधणं सोडून दिलं होतं. नुसता बघत बसायचो."

दुपारपर्यंत त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. चहा केला, त्यांच्यासमोर कप ठेवला, गोळ्या हातात दिल्या. जंगल शांत होतं, तरी त्यांना सारखं वाटायचं की आपण मान वळवली की कुणीतरी झाडामागे सरकतं. वाळक्या पानांवर पावलं वाजायची आणि बघावं तर खार. एकदा दूरवर कुणी हातोडीचे ठोके घालावेत तसा आवाज आला आणि त्या आवाजाच्या दिशेनं चालत गेल्या. काळा, लाल तुऱ्याचा सुतार पक्षी होता. प्रत्येक वेळी आशा वर यायची आणि प्रत्येक वेळी समोर एक जिवंत प्राणी असायचा, आपल्या कामात गुंतलेला.

ऊन चढल्यावर तळ्याच्या तोंडाशी पाण्यावर बुडबुडे दिसले. तीन डोकी वर आली, गोल, मिशाळ. एकानं मासा धरला होता. दुसरं तो हिसकावत होतं. गुरुनाथरावांनी दुर्बीण डोळ्याला लावली. मग ओशाळून खाली घेतली.

शोभनाताईंनी हात पुढे केला. "द्या इकडे."

त्या बघत राहिल्या. तिसरं पाणमांजर भांडणाऱ्यांच्या मधून येऊन मासाच घेऊन पसार झालं, तेव्हा त्यांच्या नाकातून हसू फुटलं. त्यांनी तोंडावर हात दाबला. दुर्बीण मात्र खाली घेतली नाही.

पुढचे दोन दिवस त्यांनी गुरुनाथरावांबरोबर कॅनूतून तळ्याला फेऱ्या मारल्या. बीव्हरनं दातांनी पाडलेली झाडं पाहिली, वाळूत अस्वलाचा पंजा पाहिला. एकदा मूसचा नर पाहिला. दिवाणाएवढी शिंगं, मादीच्या हाकेवर घुमत, झाडं मोडत निघालेला. गुरुनाथरावांनी ज्या जागी कबीरचा तंबू होता ती दाखवली. तिथे आता गुडघाभर फर्न होतं, थंडीनं तांबूस पडलेलं. त्या तिथे खूप वेळ बसल्या. पक्षी तिथेही आला. त्यांनी त्याला काही दिलं नाही, पण हातही लपवले नाहीत. जॅकेट तिथे ठेवून यावं असं एकदा मनात आलं. ठेवलं नाही. अंगात घालून परतल्या.

निघायच्या दिवशी पॅटीच्या दुकानापुढे गाडी थांबली. गुरुनाथराव कॅनूचं वल्हं परत करायला उतरले. शोभनाताई त्यांच्या आधी पायऱ्या चढून गेल्या.

"वुई हॅड अ सन," त्या म्हणाल्या. "कबीर. ही वॉज लॉस्ट हियर. एट इयर्स अगो."

'हॅड' म्हणाल्यावर त्यांचा त्यांनाच तो शब्द ऐकू आला. त्या थांबल्या, पण बदलला नाही.

पॅटी पायरीवर बसली. तो शोध तिच्या ऐकण्यातला होता, त्या भागात सगळ्यांच्याच होता. पण गुरूचा त्याच्याशी काही संबंध असेल हे तिच्या मनात आलं नव्हतं. तिनं गुरुनाथरावांकडे पाहिलं. ते गाडीपाशी वल्हं हातात धरून उभे होते. मग ती आत गेली, तीन कप कॉफी घेऊन आली, आणि तिघं पायरीवर बसून ती प्यायले. शोभनाताईंनी तिला कबीरबद्दल सांगितलं. तो गवती चहा कसा करायचा, बहिणीला कसा छळायचा, शाळेतल्या मुलांना बेडूक हातात कसा धरायला लावायचा. गुरुनाथराव मधूनमधून चुका दुरुस्त करत होते.

घरी आल्यावर फार काही बदललं असं नाही. विधी त्यांनी अजून केलेला नाही. नणंदेला फोन मात्र केला, आणि तासभर बोलल्या. केया थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आली तेव्हा तिला कबीरच्या खोलीत झोपायला सांगितलं. इतकी वर्षं ती हॉलमधल्या सोफ्यावर झोपत असे. त्या रात्री केयानं दार बंद केलं नाही आणि शोभनाताई येता-जाता आत डोकावत राहिल्या.

या ऑक्टोबरात तिघं गेले. परत आल्यावर शोभनाताईंनी मला तिथली एक संध्याकाळ सांगितली.

ऊन नुकतंच गेलं होतं. तिघं तळ्याकडे तोंड करून एका ओंडक्यावर बसले होते. केयाला पहिल्यांदाच मूस दिसला होता, आणि ती इतका वेळ गप्प राहिलेली त्यांनी कधी पाहिली नव्हती. मग म्हणाली, "आई, ही मस्ट हॅव सीन धिस. नाही का? गेला त्याच्याआधी त्यानं हे पाहिलं असेल."

"पाहिलं असेल," शोभनाताई म्हणाल्या.

तेव्हा मागे तंबूच्या बाजूला पावलं वाजली. वाळक्या पानांवर, सावकाश, माणूस दमून येतो तशी. जवळ आली आणि थांबली. तिघांनीही ऐकलं. केयानं आईचा हात धरला.

"मूस असेल," गुरुनाथराव हळूच म्हणाले. "वास घेतोय. हलू नका."

कुणी हललं नाही. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. पाण्यावरचा उजेड कमी होत गेला, आणि मागे जे कोण होतं ते बराच वेळ तिथेच उभं होतं.